गोदावरीतल्या पाणवेली काढल्या तरी परत का येतात?

तुमचा प्रश्न असा: पाणवेल (जलपर्णी) पाणी शुद्ध करते असं वाचलंय, मग नाशिकला दरवर्षी यंत्रं लावून ती का काढतात, आणि काढूनही परत कशी येते?

वाचलंत ते खरं आहे, पण अर्धंच. पाणवेल पाण्यातलं नत्र आणि स्फुरद शोषते. एक रोप उपटून पाहा: फुगीर देठ, खाली काळसर पिसांसारखी मुळं, त्यांत अडकलेला गाळ. शोषलेलं सगळं त्या रोपातच साठतं. रोप नदीत कुजलं की तेच खत पुन्हा पाण्यात उतरतं. त्यामुळे वेल नदीपासून दूर नेली तरच पाण्याचा फायदा. काठावर ढीग लावून ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा काळा रस नदीतच जातो.

दाट थर साचला की खाली ऊन पोचत नाही, वाऱ्यानं पाणी ढवळत नाही, आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. 30 अंशांना स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन विरघळतो. स्नानासाठीच्या नदीत किमान 5 हवा. मोजायचा तर नमुना पहाटे घ्या, तेव्हा ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. दुपारी घेतलेला आकडा फसवा. 300 मिलीची बाटली बुडबुडा न ठेवता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी 2 मिली घालायचं. साका (तळाशी बसणारा थर) तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराशुभ्र राहिला तर जवळजवळ नाहीच. (ही रसायनं हातमोजे घालूनच हाताळा.)

आता परत का येते ते. गंगापूर धरणाच्या खाली उन्हाळ्यात प्रवाह तुटपुंजा, त्यात नासर्डी आणि वाघाडी हे प्रवाह शहराचं सांडपाणी आणून ओततात. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रतिलिटर) 250 धरला आणि नदीत तो 3 च्या आत ठेवायचा म्हटलं, तर एका लिटरला किमान 83 लिटर अगदी निर्मळ पाणी लागेल. एवढं पाणी मे महिन्यात आणायचं कुठून? शिवाय साधी शुद्धीकरण केंद्रं बीओडी उतरवतात. नत्र-स्फुरद काढायला वेगळे टप्पे लागतात. ते नसतील तर दिसायला स्वच्छ पाणीसुद्धा वेलीसाठी पातळ खतच. बंधाऱ्यामागे ते थबकलं की झालं.

वाढीचा वेगही अफाट आहे. अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट. शंभरातली 6 रोपं राहिली तर आठ आठवड्यांत 96. गाळातलं बी तर पंधरा-वीस वर्षं टिकतं. पुरात वेल वाहून जाते तेव्हा सुटलो असं वाटतं, पण ती खाली नांदूरमध्यमेश्वरच्या दिशेनं जाते. 2020 मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलेली ती राज्यातली पहिली पाणथळ जागा, आणि बदकांना तिथे उघडं पाणी लागतं. शहरातली घाण त्यांच्या माथी मारणं मला अजिबात मान्य नाही.

म्हणून काढायची तर जांभळी फुलं येण्याआधी, मुळासकट, आणि वरच्या अंगाकडून खाली येत. उलट केलंत तर वरचे तुकडे वाहत येऊन साफ केलेली जागा पुन्हा भरतात.

खत करायचं असेल तर आधी वाळवा, कारण वेलीत 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओलीच रचली तर ढीग बसतो, हवा कोंडते, वास सुटतो. अर्धवट सुकल्यावर शेण आणि वाळका पाला मिसळून कमरेइतका ढीग करा, दर दहा-बारा दिवसांनी उलटा. आतलं तापमान किमान तीन दिवस 55 अंशांवर गेलं पाहिजे, नाहीतर बी मरत नाही. नासर्डी सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून येते. तिच्या संगमाखालच्या वेलीत जड धातू असू शकतात, म्हणून ते खत तपासल्याशिवाय पालेभाजीला घालू नका. रस्त्याकडेच्या झाडांना चालेल.