नागपुरात मे महिन्यात मॉडेल कारच्या बॉडीवर स्प्रेचा रंग खरखरीत का बसतो? १/२४ स्केलची प्लॅस्टिकची स्पोर्ट्‌स कार आहे.

रंग बॉडीवर पोहोचायच्या आधी हवेतच अर्धा सुकतो, म्हणून. लॅकर स्प्रेमधलं सॉल्व्हंट मुळातच झपाट्याने उडतं. त्यात आपल्याकडचं ४४-४५ अंश आणि कोरडी हवा. थेंब पसरून एकजीव होण्याऐवजी भुकटीसारखे चिकटतात. मीही नागपुरातच मॉडेलं रंगवतो. उन्हाळ्यात फक्त सकाळी सहा-साडेसहाला कॅन हातात घेतो. कॅन १५-२० सेंटीमीटरवर धरा, आधी रंगाचे दोन हलके हात, मग एक ओलसर, जरा भरपूर हात. आणि रंगवताना त्या खोलीतला कूलर बंद! दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, शिवाय खसच्या ताट्यांची धूळ थेट बोनेटवर. कॅन गच्चीवर किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

आता बिघडलेली बॉडी: दोन दिवस पूर्ण सुकू द्या, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलकेच घासा, दाराच्या रेघा आणि कडा टाळून (तिथला रंग आधी उडतो). मग पुन्हा एक ओलसर हात, डिकॅल (बॉडीवर चिकटवायची चित्रं-आकडे), क्लिअर (वरचा पारदर्शक थर), पॉलिश. डिकॅलवर पहिले क्लिअर अगदी हलके मारा, नाहीतर ते सुरकुततात.

मेटॅलिक रंग असेल तर मात्र रंगाचा थर शेवटचा म्हणून घासून सोडू नका, चमकीवर डाग दिसतात. घासल्यावर वरून रंगाचा हलका हात द्यावाच लागतो. पॉलिश फक्त क्लिअरवर.