कॅमेऱ्याच्या स्क्रीनला टेम्पर्ड ग्लास लावू का, आणि मोबाईलची कापून चालेल का?

लाव भावा, बिनधास्त लाव. पण मोबाईलची कापून नको.

तू लिहिलंयस की कॉलेजात आहेस, पहिलाच कॅमेरा घेतलाय, कॅनन १५००डी, चैत्रात जोतिबाला फोटो काढायला जायचंय, आणि गल्लीतला मोबाईलवाला म्हणतोय मोठ्या फोनची ग्लास कापून बसवतो, ९एच आहे, काय होत नाही. आधी कापायचं बघू. खरी टेम्पर्ड ग्लास एकदा तयार झाली की कापता येत नाही, तिच्या वरच्या थरात दाब आणि आत ताण कोंडलेला असतो, कटर लावला की पापडासारखा चुरा. म्हणजे तो जे कापून देणार ती काच नसणारच, मशीनवर कापतात तो मऊ हायड्रोजेलचा कागद असणार. तोही ओरखड्यापुरता चालतोय, फक्त त्याला काचेचे पैसे देऊ नकोस.

आणि ते ९एच म्हणजे काय तर पेन्सिल. खरंच. एचबी, २एच असतात ना तशी ९एच पेन्सिल घासली तरी चरा पडत नाही, एवढाच अर्थ. दुकानात किल्ली घासून दाखवतात त्याला तर मी आता हसतोच, किल्ली बहुतेक पितळेची, ती काचेपेक्षा मऊच, साध्या खिडकीच्या काचेवर घासलीस तरी काय होणार नाही. काचेचा खरा वैरी वाळू. मोह्‌जच्या मापात, म्हणजे कठीणपणा मोजायच्या पट्टीवर, काच साडेपाच-सहाच्या आसपास आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७, त्यामुळं कोकणात समुद्रावर जाऊन आलास आणि तसंच शर्टाला स्क्रीन पुसलास की ९एच असू दे नाहीतर आणि काय, चरे पडणारच. पण मग ते अडीचशे रुपयाच्या काचेवर पडतात, कॅमेऱ्यावर नाही, म्हणून तर लावायची.

मी लग्नाच्या ऑर्डरी करतो. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची स्क्रीन एका सीझनमध्ये गेली, आणि कशानं, तर माझ्याच बेल्टच्या बकलानं. कॅमेरा गळ्यात लोंबकळतोय, आपण वाकून अक्षता टिपतोय, जेवणाच्या पंगतीत फिरतोय, दिवसभर मागची बाजू पोटावर घासतीय. कळतच नाही. कॅमेरा विकायला काढला तेव्हा घेणाऱ्यानं पहिलं ते बघितलं आणि भाव पाडला.

पुढच्या कॅमेऱ्याला मग हौसेनं ग्लास लावली, पण ती जुन्या पद्धतीची, फक्त चारी कडांना गोंद आणि मधे पोकळ. एक तर त्या पोकळीमुळं उन्हात डबल चमक मारायची, स्क्रीनमध्ये फोटोपेक्षा माझंच तोंड जास्त दिसायचं. वर तीच घेऊन गेलो जोतिबाला. सासनकाठ्या नाचायला लागल्या, चांगभलंचा गजर आणि वरनं गुलाल-खोबरं, तू बघितलंच असशील. संध्याकाळी घरी येऊन बघतोय तर गुलाल कडेनं आत शिरलेला, स्क्रीनला चारी बाजूंनी गुलाबी झालर! पुढं पंधरा दिवस लोकांना फोटो दाखवताना आधी सांगायला लागायचं की ते फोटोत नाही, काचेत आहे. तेव्हा घेताना एवढंच बघ की गोंद सगळ्या पृष्ठभागावर आहे का, आणि जाडी ०.३ मिमीच्या आसपास असू दे. जुन्या ०.५ वाल्या उगाच जाड वाटतात.

मापाचा घोळ लई होतो. ३ इंच लिहिलंय म्हणून कुठलीही उचलू नकोस, ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. निकॉन डी३५००ची ३ इंच ४:३ आकाराची (रुंदी आणि उंचीचं प्रमाण), सोनी ए६०००ची पण ३ इंचच पण १६:९, दोन्ही आडव्या-उभ्या वेगळ्या. मॉडेलचं नाव सांगूनच घे. तुझी स्क्रीन फिक्स आहे म्हणून लाव म्हणतोय बरं का, ज्यांची बाहेर फिरणारी असते त्यांनी वापर झाला की उलटी करून आत बंद करावी, काच लावलीच तर कधी कधी ती नीट मिटत पण नाही.

बसवायचं दुकानात नको, घरीच बसव. रात्री आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये, वाफेनं धूळ खाली बसलेली असते. पंखा बंद. कॅमेरा बंद करून बॅटरी काढ, मायक्रोफायबरनं पूस, द्रव थेट स्क्रीनवर मारू नकोस, मग सेलोटेपनं धुळीचे कण टिपून घे. काच आधी कोरडीच ठेवून जुळवून बघ, एका कडेला टेपची बिजागरी कर, मागचा कागद काढ आणि सोड, मधे बोट टेकवलं की गोंद आपोआप पसरत जातोय. बारीक बुडबुडे एक-दोन दिवसात जातात. जो जात नाही त्याच्या मधे कण असतोय, कड उचलून टेपनं काढ. पुढं कधी काढायची झाली तर ब्लेड घालू नकोस, शिवणाचा दोरा कोपऱ्यातनं सरकवत न्यायचा.

आणि पडल्यावर वाचंल असं समजू नकोस, बॅगेत वरनं दाब आला तर आतला एलसीडी, म्हणजे मूळ स्क्रीन, वरची काच शाबूत असतानाही जाऊ शकतोय.

जोतिबाला जाताना मात्र ग्लासपेक्षा दुसऱ्याच गोष्टी बघ. लेन्सला यूव्ही फिल्टर, म्हणजे पुढं बसवायची पारदर्शक काच, लाव, कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी घालून लेन्सपुरतं भोक पाड आणि रबरबँड मार, आणि काही झालं तरी गुलालात लेन्स बदलू नकोस. घरी आल्यावर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग कोरडा ब्रश, ओलं फडकं सगळ्यात शेवटी, नाहीतर गुलालाचा चिखल होतोय आणि तो बटणांच्या फटीतनं दिवाळीपर्यंत निघत नाही.