वाचक विचारतात: वेव्हलेटचं चित्र सगळं काळंच का दिसतंय?

प्रश्न: सर नमस्कार, मी नाशिकला एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, तिथल्या केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा रोग पडलेल्या पानाचा फोटो ग्रे करून 512 बाय 512 चा तुकडा कापला आणि आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हस्लिम पॅकेज वापरून हार फिल्टरने 4 लेव्हलपर्यंत टूडी वेव्हलेट केलं, म्हणजे चित्राचे सरासरी आणि फरक असे भाग पाडले, आणि सरासरीचे परत तसेच. सगळे भाग जोडून इमेज फंक्शनने प्लॉट केलं तर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उजळ दिसतो, बाकी सगळं काळपट, आणि पान पण आडवं पडलंय. काय चुकलं?

उत्तर: गणित बरोबर आहे तुझं, अडलंय ते रंगांच्या वाटपात. बघ, हारमध्ये दर लेव्हलला चार-चार पिक्सेलची बेरीज करून 2 ने भागतात, म्हणजे सरासरीचा जो भाग उरतो तो दर लेव्हलला दुप्पट होत जातो, त्यामुळे 255 पर्यंतचे पिक्सेल 4 लेव्हलनंतर 4080 पर्यंत जाऊ शकतात. तोच तुझा उजळ चौकोन, 32 बाय 32 चा. बाकीचे 12 भाग फरकांचे, दर लेव्हलला 3, आणि पानाचा सपाट भाग असेल तिथे फरक शून्याच्या आसपासच असणार. आता 4080 ची रेंज 256 ग्रे छटांमध्ये वाटली की एका छटेला साधारण 16 आकडे येतात. म्हणजे शून्य आणि दहा एकाच छटेत गेले, मग शिरा दिसणार कुठून!

म्हणून सरासरीचा भाग वेगळा काढ आणि फरकांचे भाग शून्य मध्यभागी धरून प्लॉट कर. कोएफिशियंटची (म्हणजे या भागांतल्या आकड्यांची) चिन्हं सोडून 99 वा पर्सेंटाइल काढायचा, म्हणजे 99 टक्के आकडे ज्याच्या खाली येतात तो, तेवढीच हद्द शून्याच्या दोन्ही बाजूंना द्यायची, त्याच्या बाहेरचे त्या हद्दीवर आणून ठेवायचे (नाहीतर तिथे रिकामी भोकं दिसतात), शून्याला पांढरा रंग आणि दोन बाजूंना दोन वेगळे रंग. पण एक आहे, प्रत्येक भागाला स्वतःची हद्द दिलीस तर पहिल्या लेव्हलमधला कॅमेऱ्याचा नॉइजही (फोटोतले खोटे बारीक ठिपके) शिरांइतकाच ठळक दिसतो. लेव्हलची आपसात तुलना करायची असेल तर सगळ्या फरकांना एकच हद्द हवी. मी तर दोन्ही चित्रं काढतो आणि खाली कुठली हद्द वापरली ते लिहितो, प्रोजेक्टमध्ये हे लिहायचं बरेच जण विसरतात.

पान आडवं पडतं कारण इमेज फंक्शन मॅट्रिक्सच्या ओळी एक्स अक्षावर घेतं आणि वाय खालून वर मोजतं. ओळींचा क्रम उलटा करून ट्रान्सपोज घे (ओळींचे स्तंभ कर), पण हे फक्त चित्र काढताना. आधीच ट्रान्सपोज केलंस तर आडव्या आणि उभ्या फरकांचे भाग आपसात बदलतात आणि निष्कर्षच उलटा येतो.

आता मुख्य गोष्ट, केवड्याची. पानावर सुरुवातीला जे पिवळसर तेलकट डाग पडतात ते तुझ्या फोटोत 20-30 पिक्सेल रुंद असतील तर पहिल्या लेव्हलला शोधून काही उपयोग नाही, तिथे एक कोएफिशियंट 2 बाय 2 पिक्सेलचाच असतो. चौथ्याला 16 चा, पाचव्याला 32 चा. म्हणून पाचवी लेव्हल पण काढ, 512 ला 32 ने भाग जातो. आणि ग्रेऐवजी नुसता लाल चॅनेल घेऊन बघ, हिरव्यापेक्षा पिवळ्यात लाल जास्त असतो म्हणून डाग तिथे जास्त उठून दिसेल. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नकोस, बारीक तपशील दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

प्रश्न: हार सोडून डोबेशी हा दुसरा वेव्हलेट फिल्टर घेतला तर?

उत्तर: घे की. हार 1909 चं, सगळ्यात सोपं, पण चौकोनी ठोकळे उमटतात. इन्ग्रिड डोबेशींनी 1988 मध्ये दिलेले फिल्टर लांब आहेत, डागाच्या पुसट कडा नीट धरतात, वेव्हस्लिममधला एलए8 त्याच घराण्यातला. फक्त फोटोच्या काठावरचे कोएफिशियंट सोडून दे, कारण तिथे डावी कड उजव्या कडेला जोडून गणित होतं आणि खोटे फरक दिसतात.

आणि बागेत परत गेलीस की पानाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ आणि नाण्याची रुंदी पट्टीने मोजून ठेव, म्हणजे एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते कळेल आणि डाग कुठल्या लेव्हलला बघायचा ते आधीच ठरवता येईल.