‘लाइव्ह’ बघाच, पण पहिले दोन भाग दम धरा

कोणती मालिका बघू, असं विचारताना तुम्ही घातलेल्या अटी तीन: मालिका कोरियन हवी, पोलिसांची हवी, पण त्यात सुपरकॉप आणि सीरियल किलरचा पाठलाग नको, आणि आईबरोबर बसून बघता यायला हवी. पहिल्या दोन अटींवर माझं उत्तर ठरलेलं आहे, २०१८ ची ‘लाइव्ह’. तिसरीचं शेवटी बोलतो, तिथे जरा गोची आहे.

टीव्हीएन वाहिनीवर मार्च ते मे २०१८ या काळात दर शनिवार-रविवारी लागायची. एकूण १८ भाग. लेखिका नोह ही-क्यंग, दिग्दर्शक किम क्यू-ते. याच जोडीची ‘अवर ब्लूज’ तुम्ही पाहिली असेल तर आपण कुणाच्या तावडीत सापडणार आहोत, याची कल्पना असेलच. मी नेटफ्लिक्सवर बघितली. शोधताना नुसतं ‘लाइव्ह’ टाकलंत तर भलतंच काहीतरी समोर येईल, सोबत त्यातल्या नायकाचं, ली क्वांग-सूचं नाव टाका.

बाकी पोलिसी मालिकांपेक्षा ही वेगळी का, तर इथे कुणीही देशसेवेच्या ऊर्मीने वर्दी चढवत नाही. हान जंग-ओ (जंग यू-मी) कंपन्यांच्या मुलाखती देऊन थकलेली. मुलगी, त्यात नावाजलेल्या विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी तिला डावलून पोरांना घेतात. योम सांग-सू (ली क्वांग-सू) ज्या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीत इमानेइतबारे राबतो, ती कंपनीच फसवी निघते आणि घरच्यांचा पैसा बुडतो. दोघांना पोलीसभरतीची जाहिरात दिसते. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, म्हातारपणी पेन्शन. आपल्याकडे पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरापोरींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे त्यांची नेमणूक सोलमधल्या होंगिल नावाच्या (काल्पनिक) गस्तीच्या ठाण्यात होते. आपल्या चौकीपेक्षा मोठं, पण मुख्य पोलीस ठाण्याच्या हाताखालचं. ११२ वर फोन आला की आधी धावायचं यांनी, आणि गुन्हा मोठा निघाला की प्रकरण गुन्हे शाखेच्या हवाली करून परत यायचं. श्रेय तिकडे, ओकारी इकडे. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. रात्रपाळी म्हणजे दारुडे, आणि दारुडे म्हणजे गस्तीच्या गाडीची मागची सीट धुणं. त्यात हे दोघे प्रोबेशनवर, म्हणजे एखादी चूक झाली तर नोकरीच जायची. म्हणून प्रत्येक कॉलला त्यांच्या डोक्यात दोन विचार एकदम चालतात: समोरच्याला वाचवायचं कसं, आणि आपण यात अडकणार तर नाही ना. हा दुसरा विचार लेखिकेने लपवलेला नाही, आणि मालिकेचा सगळा जोर मला त्यातच वाटतो.

एक प्रसंग सांगतो, सुरुवातीच्या भागांतलाच आहे. अकादमीतल्या प्रशिक्षणार्थींना एका विद्यापीठात बंदोबस्ताला नेतात. आत विद्यार्थिनी ठिय्या देऊन बसल्यात. यांना हुकूम असा की आज आपण काहीही करायचं नाही. ढकललं तर ढकलले जा, मारलं तर मार खा, पडलात तर उठून पुन्हा रांगेत या. शेजारच्या सहकाऱ्याला मारत असले तरी रांग सोडायची नाही. जंग-ओच्या समोर तिच्याच वयाच्या मुली आहेत. काल-परवापर्यंत तीही त्यांच्यातलीच एक होती. कोरियात हे बघताना २०१६ चं इह्वा महिला विद्यापीठातलं विद्यार्थिनींचं ठिय्या आंदोलन आठवल्याशिवाय राहत नाही. मला हा प्रसंग एकतर्फी वाटतो, त्या मुली का बसल्यात हे कॅमेरा फारसं विचारत नाही. पण तो हुकूम लक्षात ठेवा.

खरा जीव आहे तो ओ यांग-चोनमध्ये. हा एकेकाळचा नामांकित गुन्हे अन्वेषण अधिकारी, एका प्रकरणानंतर गस्तीवर आपटलेला. तोंडाने फाटका, डोकं सदा गरम. बायको आन जांग-मी त्याच खात्यात, आणि ती घटस्फोट मागतेय. का, तर हा कधी घरी नव्हता म्हणून, आणि ते खरंच आहे. या नवरा-बायकोच्या भूमिकांतल्या बे संग-वू आणि बे जोंग-ओक यांची भांडणं बघताना शेजारच्या फ्लॅटमधून ऐकू येतंय असं वाटतं. यांग-चोनची आई वर्षानुवर्षं रुग्णालयात यंत्रांवर. बाप तरुणपणी तिला मारायचा, आता तोच रोज तिच्या उशाशी येऊन बसतो. मुलगा बापाशी धड बोलत नाही. मग एक दिवस यंत्रं काढायची की नाही, हे ठरवायची वेळ येते. कोरियात मरणासन्न रुग्णाचे उपचार थांबवण्याबाबतचा कायदा फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे मालिका सुरू व्हायच्या महिनाभर आधीच अमलात आला होता. तिथल्या कित्येक घरांत तेव्हा हीच चर्चा चालू असणार.

ली साम-बो हा निवृत्तीला टेकलेला पोलीस माझा विशेष लाडका. त्याच्या जोडीला दिलेली नवी पोरगी सोंग हे-री सुरुवातीला वैतागलेली असते, की मला हाच म्हातारा का? पुढे काही अल्पवयीन पोरं साम-बोला बेदम मारतात आणि तो कुणाला सांगतच नाही. नोकरीची शेवटची वर्षं, आणि शाळकरी पोरांकडून मार खाल्ला हे सांगायचं कसं? त्या भागाला मी रडलो, हे उघड लिहायला हरकत नाही.

आता पुढचा परिच्छेद शेवट फोडणारा आहे, नको असेल तर गाळा. चाकू घेतलेल्या खुन्यापासून यांग-चोनला वाचवताना सांग-सू गोळी झाडतो. वर्तमानपत्रं तुटून पडतात, वरच्या साहेबांना बळी हवा असतो, आणि पोरावर खातेनिहाय चौकशी लागते. समितीपुढे यांग-चोन साक्षीला उभा राहतो. मला वाटलं होतं, आता बचावाचं दणदणीत भाषण होणार. तो मात्र पश्चात्ताप झाल्याचं सांगतो. या पोरांना कर्तव्य शिकवलं ते चुकलं. धोका दिसला की पळा, हात झटका, असं शिकवायला हवं होतं, म्हणतो. विद्यापीठातला तो हुकूम आठवतोय ना? काहीही करू नका म्हणणारं खातं, आणि काही केलं म्हणून चौकशी लावणारंही तेच.

खटकलेलंही सांगतो. जंग-ओ आणि सांग-सूभोवतीचा प्रेमाचा त्रिकोण उगाच आहे, आणि चोई म्यंग-हो हा देखणा अधिकारी बहुतेक वेळ त्या त्रिकोणाचा तिसरा कोन म्हणूनच वावरतो. यांग-चोनचा आरडाओरडा पहिल्या दोन भागांत डोक्यात जातो. अनेक जण तिथेच सोडून देतात. आणि एकूण नजर पोलिसांना फार सांभाळून घेणारी आहे. कोठडीतली मारहाण, हप्ते, राजकीय दबाव असल्या गोष्टी शोधायला जाल तर हाती विशेष काही लागणार नाही. आपल्याकडे पडद्यावरचा पोलीस एक तर चालत्या गाडीवरून उडी मारतो, नाही तर टेबलाखालून पाकीट घेतो. घरभाडं, बदली आणि बायकोची बोलणी यांत अडकलेला पोलीस क्वचित भेटतो, म्हणून मी हा पक्षपात चालवून घेतला.

आता आईचं. नुसतं रडू येण्याचा प्रश्न असता तर बिनधास्त बसा म्हटलं असतं. पण यात लैंगिक अत्याचाराची प्रकरणं आहेत, काही अल्पवयीन मुलींची, आणि जंग-ओची स्वतःची एक जुनी जखम त्यातून वर येते. दाखवताना लेखिकेने संयम ठेवलाय, तरी विषय जड आहे. घरात कुणी दीर्घ आजारी असेल तर यांग-चोनच्या आईचे भाग आणखी अंगावर येतील. तुम्ही आधी एकट्याने सहा-सात भाग बघा आणि मग ठरवा. आईसोबत लगेच काही सुरू करायचं असेल तर याच लेखिकेची २०१६ ची ‘डिअर माय फ्रेंड्स’ लावा. त्यात पोलीस नाहीत, सत्तरीच्या आसपासच्या मैत्रिणी आहेत आणि त्यांच्या पोरांना आपण काय करतोय ते कळत नाही. माझ्या आईने ती माझ्याआधी संपवली.