दुसरा मजला, सातवा मजला आणि गणित

मानखुर्दहून अकरावी सायन्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: रुळांकडेची झोपडी गेली, त्या बदल्यात पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळालं. सोडतीत यांना दुसरा मजला लागला, काकांना सातवा. समोरची इमारत इतकी जवळ की दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लागते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर. धाकट्या भावाला टीबी झालाय, औषधं चालू आहेत. काकांकडे सगळे ठणठणीत. ‘हे नशीब की इमारत, हे शिकवणारा कोर्स असतो का? मला डॉक्टर व्हायचं नाही. पप्पा म्हणतात, गणित सोड आणि नीट परीक्षेचं बघ.’

आधी भावाचं. बरं वाटायला लागलं तरी औषधं मध्येच थांबवायची नाहीत. आणि तुम्ही घरातल्या सगळ्यांनी पालिकेच्या दवाखान्यात तपासणी करून घ्या, ती मोफत असते.

आता तुझा प्रश्न. कोर्स असतो, फक्त त्याच्या दारावर एकच पाटी नसते. सार्वजनिक आरोग्य म्हणतात, एपिडेमिऑलॉजी म्हणतात, म्हणजे कुठला आजार कोणाला आणि का होतो हे शोधायचं शास्त्र. मराठीत साथरोगशास्त्र असा शब्द आहे, पण तो फसवा. मधुमेह आणि नैराश्यही त्यातच येतं.

तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द तुझ्या ध्यानात आलेला दिसत नाही. ‘सोडत’. एरवी अशा प्रश्नात घोळ असा होतो: अंधाऱ्या खोलीत राहणारा माणूस बहुधा गरीबही असतो, खाणं कमी, काम जास्त, दवाखाना उशिरा. मग आजार अंधाराने आणला की गरिबीने, हे वेगळं काढता येत नाही. तुमच्याकडे कोण दुसऱ्यावर आणि कोण सातव्यावर, हे चिठ्ठीने ठरलं. वस्ती तीच, कमाई साधारण सारखी, बदलला तो मजला. संशोधक असा योग शोधत फिरतात!

पण लगेच हुरळू नकोस. एक भाऊ आणि एक काका एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. भावाला संसर्ग क्लासमध्ये झाला असेल, लोकलमध्ये झाला असेल. सोडतीनंतर किती जणांनी घरं भाड्याने दिली? म्हाताऱ्यांना, अपंगांना खालचे मजले मुद्दाम दिले होते का? एका खोलीत किती जण झोपतात? खोकल्यातून बाहेर पडलेले जंतू कोंदट हवेत तासन्‌तास तरंगतात, वारा त्यांना पांगवतो, ऊन त्यांना मारतं. मग खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या बंद असतील तर त्या कशामुळे? डासांमुळे, की गल्लीत साचलेल्या कचऱ्याच्या वासामुळे? बाहेरून बघणारा ‘यांना सवयच नाही खिडकी उघडायची’ म्हणून मोकळा होतो.

आणि हे जंतूंपुरतंच नाही. १९६७ साली लंडनमध्ये सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. सगळे पगारदार, उपाशी कोणीच नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचं मृत्यूचं प्रमाण वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघालं, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता पुसला गेला नाही. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, गरोदरपणाच्याही आधीपासून, आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. बाळं हडकुळी जन्मायची, पण ब्रिटनमधल्या बाळांशी ताडून पाहिल्यावर दिसलं की कमी होते ते स्नायू, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. आईच्या ताटाचा आणि मुलाच्या पुढच्या मधुमेहाचा संबंध असा शोधतात.

या सगळ्यात स्टेथोस्कोप कमी आणि तक्ते जास्त. म्हणून गणित सोडू नकोस. पप्पांच्या बाकी कुठल्याही म्हणण्यावर मी भांडणार नाही, याच्यावर भांडेन. बारावीला गणित असलं तर बीएस्सी स्टॅटिस्टिक्सचा रस्ता उघडा राहतो. मायक्रोबायॉलॉजी घेतलंस तरी संख्याशास्त्र सुटत नाही. लोकांशी बोलण्यातच रस असेल तर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रातलं बीएसुद्धा चालेल, आणि ते कमीपणाचं मुळीच नाही.

पदवीनंतरच्या दोन संस्था तुझ्यापासून एका स्टेशनावर आहेत, गोवंडीला उतरायचं. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, आणि १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच दुसरी संस्था करते. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात, त्या थेट संस्थेच्या संकेतस्थळावर बघ. क्लासवाल्यांना विचारू नकोस.

पप्पांना एक खरं सांगून टाक: इथली पहिली नोकरी बहुधा प्रोजेक्टवरची असते, करारावर, आणि पगार डॉक्टरसारखा नसतो. आणि नीट दिलीस तरी तुझं काही बिघडत नाही. एमबीबीएसनंतर पीएसएममध्ये, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात, एमडी करून याच कामात आलेले डॉक्टर मला माहीत आहेत. फक्त ‘डॉक्टर व्हायचं नाही’ हे तू लिहिलंस ते भावाच्या दवाखान्याच्या खेपांनी कंटाळून की खरंच, हे जरा स्वतःला विचार.

सुट्टीत एक वही घे. मजल्यांप्रमाणे रकाने पाड आणि दुपारी बारा वाजता जिन्यावरून दिसेल तेवढंच लिही: दिवा लागलाय का, खिडकी उघडी आहे का. आजारपणाचं कोणाला विचारू नकोस, त्याला परवानग्या लागतात आणि शेजारीही दुखावतात. सोडतीचा कागद पप्पांनी जपून ठेवला असेलच. त्याच्यावरची तारीख पहिल्या पानावर लिही आणि वही मला दाखव.