लुडो मूळचा इंग्रजांचा खेळ का?
नाही, लुडो म्हणजे आपल्या पचिसीचंच सोपं केलेलं रूप, इंग्लंडमध्ये 1896 साली पेटंट घेतलं गेलं इतकंच. पट शेजारी ठेवून बघा ना, तोच अधिक चिन्हासारखा आकार, चार रंगांच्या चार-चार सोंगट्या, मारलेली सोंगटी परत पहिल्यापासून, आणि फिरून शेवटी मधल्या घरात जायचं. फक्त कवड्या जाऊन फासा आला (पचिसी हे नावच 25 च्या दानावरून पडलंय) आणि दोघं-दोघं जोडीनं खेळायची खरी मजा गेली. अमेरिकेत तर 'पार्चिसी' या नावानं हा लुडोच्याही आधी विकला जात होता. मात्र महाभारतातलं द्यूत म्हणजे हीच पचिसी असं सगळे ठोकून देतात, त्याला पुरावा नाही.