आठवीच्या वर्गात विकी: गुण पानाला की पानाच्या इतिहासाला?

वर्गात विकीवर, म्हणजे अनेकांना मिळून लिहिता व बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर, गटलेखन दिले की एकच हुशार विद्यार्थी सगळे लिहितो आणि बाकीचे चौघे आयते गुण घेतात, हे टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला इतिहास शिकवतो आणि गेली तीन वर्षे वर्गात विकी वापरतो. टाळता येते, मात्र त्यासाठी गुण तयार पानाला न देता पानाच्या इतिहासाला द्यावे लागतात. विकीवर प्रत्येक वेळी जतन केलेली आवृत्ती वेगळी राहते आणि कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे ‘इतिहास’ या दुव्यावर दिसते. मी प्रत्येकाला सांगतो की, दुसऱ्याच्या मजकुरात तुम्ही केलेले तीन बदल निवडा आणि ते का केले ते मला तोंडी समजावून द्या. अर्धे गुण त्यालाच असतात.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. मुले दुसऱ्याच्या वाक्याला हातच लावत नाहीत. जो तो आपला परिच्छेद खाली जोडतो आणि पानाची गोधडी होते. पहिलीपासून ‘शेजारच्याच्या वहीत बघू नकोस’ असे आपणच बजावलेले असते, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वास्तविक वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले ते एकाने लिहिलेले दुसऱ्याला सहज बदलता यावे अशाच रचनेचे. म्हणून पहिल्या दोन तासिकांना मी स्वतः चुका पेरलेले पान देतो. ‘१८५३ मध्ये पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून कल्याणला गेली’ हे वाक्य वाचताच ठाण्याची मुले खवळतात, आणि गुरुजींची चूक सुधारण्याचा आनंद एकदा मिळाला की मित्राचे वाक्य बदलण्याचा संकोच बराच कमी होतो.

त्याच पानावर एकदा दोन मुलांचे जुंपले. एक जण अंतर ‘२१ मैल’ लिहायचा, दुसरा ते खोडून ‘३४ किलोमीटर’ करायचा, आणि हे दोन दिवस चालले. मी मध्ये न पडता दोघांना चर्चा पानावर, म्हणजे मजकुराविषयी बोलण्यासाठी त्याला जोडलेल्या वेगळ्या पानावर, पाठवले. तिथे एका मुलीने गुणाकार करून दाखवला की दोघेही एकच अंतर सांगत आहेत. शेवटी पानावर दोन्ही आकडे राहिले, पुढे संदर्भही आला, आणि तो शोधायला गट आपण होऊन १८९३ पासून ठाण्यात असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेला. माझ्या मते त्या पानापेक्षा त्याचे चर्चा पान अधिक मोलाचे होते.

थेट विकिपीडियावर वर्ग नेऊ नये, असे मी सुचवेन. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येतात, संदर्भ नसलेला निबंधवजा मजकूर काढून टाकला जातो, आणि अल्पवयीन मुलांचे बदल त्यांच्या खात्याच्या नावासह सर्वांना दिसत राहतात. दोन-तीन उत्साही मुलांनी पालकांच्या संमतीने, टोपणनावाने मराठी विकिपीडियाच्या ‘धूळपाटी’वर सराव करायला हरकत नाही. (सरावाच्या पानाला यापेक्षा चांगले नाव सुचले नसते.) वर्गासाठी मीडियाविकी ही मोफत प्रणाली शाळेच्या संगणक कक्षातील एका संगणकावर बसवून घ्यावी आणि खात्यांना हजेरी क्रमांकावरून नावे द्यावीत. बाहेरच्या आयत्या सेवेवर विसंबू नये. शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली विकिस्पेसेस ही सेवा २०१८ मध्ये बंद झाली. दर महिन्याला मजकुराची प्रत वेगळी काढून ठेवावी.

दोघांनी एकाच वेळी एकच परिच्छेद उघडला तर नंतर जतन करणाऱ्याला अडथळ्याची सूचना येते आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत त्यावरूनच गोंधळ उडतो, म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला स्वतंत्र विभाग द्यावा आणि पुढच्या तासिकेला विभागांची अदलाबदल करावी. पाठाखालच्या प्रश्नोत्तरांसाठी विकी वापरू नये. तिथे मुले मार्गदर्शकातील उत्तर जसेच्या तसे उतरवतात आणि इतिहासात बदल म्हणून केवळ स्वल्पविराम सापडतात.